माशीच्या घशाशी

प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला दोन दारांची एक खोली होती. पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असा तिथला कायदा, कारण आत माशा होत्या. डासाच्या पावपट, वाळल्या गवताच्या रंगाच्या, पंख उभे धरून टुणटुण उड्या मारणाऱ्या वाळूमाशा. त्या खोलीत जी बाई दिवसभर स्टुलावर बसायची तिला सगळी इमारत माशीताई म्हणायची. तोंडावर म्हणायची. तिला त्याचा राग नव्हता. राग यायला तिच्याकडे याहून चांगली कारणं होती.

तिचं काम असं. थंडीनं गारठवलेली माशी काचपट्टीवर, मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवायची. एका सुईनं छाती दाबून धरायची, दुसरीनं शेपटाकडचं टोक पकडून हलकेच ओढायचं. आतडं दोऱ्यासारखं अख्खं बाहेर येतं. घाई केली की तुटतं, आणि तुटलं की माशी वाया, सकाळ वाया. मग वर पातळ काच टाकून मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि बघायचं की परजीवी कुठे आहेत आणि कशाला धरून आहेत.

त्या खोलीतला सगळा प्रश्न एवढाच होता. धरलंय की नाही. माशी आजारी माणसाचं रक्त पिते, रक्ताबरोबर परजीवी तिच्या पोटात उतरतात. रक्त पचतं, चोथा खालून बाहेर पडतो. ज्यानं धरलं नाही तो चोथ्याबरोबर गेला. प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला एक बारीक दोरी असते, एरवी तो तिच्या जोरावर पोहतो. ज्याला जगायचंय तो तीच दोरी आतड्याच्या केसाळ भिंतीत रुतवतो आणि वादळात झाडाला मिठी मारावी तसा चिकटून राहतो. वादळ सरलं की पुढे सरकतो, घशापर्यंत. तिथे माशीच्या गळ्याला एक पडदा आहे, गिळलेलं परत येऊ नये म्हणून. त्या पडद्यावर ती दोरी आखूड होते, पसरते, तळव्यासारखी चपटी होते आणि बसते. एकाशेजारी एक, खांद्याला खांदा. वर चिकट खळ सुटते. माशीचा घसा बुजतो.

आता ती पिते, पण घोट उतरत नाही. पोट रिकामं, भूक तशीच. ती इथे टोचते, तिथे टोचते, आणि दर टोचण्यात घशातलं थोडं थोडं समोरच्याच्या अंगात ओकते. या घरातून त्या घरात काळा आजार जातो तो असा, एका उपाशी माशीच्या बुजलेल्या घशातून.

हे माशीताईनं पहिल्यांदा डोळ्यानं पाहिलं त्या दिवशी तिची वेणी कुणीतरी मागून ओढली.

तिनं वळून पाहिलं. दोन्ही दारं बंद होती. भिंतीशी माशांचे पिंजरे, कोपऱ्यात अळ्यांची मडकी. मडक्यांच्या तळाला ओलं प्लास्टर, कारण वाळूमाशीच्या अळीला ओलसर जमीन लागते. खोलीत त्या ओल्या प्लास्टरचा वास भरलेला. तो वास तिला ओळखीचा होता. धाकट्याच्या हातांना यायचा.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आई दुसऱ्यांचे कपडे धुवायला जायची, मधली बहीण अजून स्वतःचंच नाक पुसत नव्हती, तेव्हा हा ताईच्या कडेवर वाढला. उतरायचाच नाही. झोपताना तिच्या वेणीचं टोक मुठीत धरायचा आणि झोप लागली तरी मूठ सैल पडायची नाही. "हा माणूस आहे का खेकडा," असं आई म्हणायची. मोठा झाल्यावर गिलाव्याच्या कामाला लागला. लोकांच्या भिंती अशा गुळगुळीत करायचा की पालीनं दोनदा विचार करावा. स्वतः झोपायचा ती भिंत मात्र भेगांची. वाळूमाशी दिवसभर भेगेत बसते हे तेव्हा घरात कुणाला माहीत होतं? ज्यांना माहीत होतं ते औषध फवारायची गाडी घेऊन आले होते. वस्तीच्या तोंडाशी थांबले, पुढच्या दोन भिंती ओल्या केल्या, फोटो काढला आणि गाडी वळवली. गल्ली अरुंद आहे म्हणाले. माशीला अरुंद पडली नाही.

ताप आला, उतरला, पुन्हा आला. बरगडीखालची पानथरी फुगून पोट दगडासारखं झालं, हातपाय काडीसारखे. सगळ्यात वाईट होती ती भूक.

"ताई, भूक लागली."

"मग खा की रे. पुढ्यातच आहे."

दोन घास घ्यायचा आणि ताट सरकवायचा. "जात नाही. आत जागाच नाही." घटकाभरानं पुन्हा, "ताई, भूक लागली गं."

दवाखान्यात त्याच्या कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला तेव्हा पाय ताईनंच धरले होते. लांब चेहऱ्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरनं त्यातला थेंब छोट्या बाटलीत सोडला. हे कशाला, तिनं विचारलं. वाढवून बघायचंय, तो म्हणाला. औषध मात्र यायचं होतं. आज येतंय, उद्या येतंय. औषधालासुद्धा गल्ली अरुंद पडली असावी.

शेवटच्या रात्री भेटणाऱ्यांची वेळ संपली म्हणून वॉर्डातली बाई ओरडत फिरत होती. धाकट्याच्या मुठीत वेणीचं टोक होतं. ताईनं त्याची बोटं सोडवली. एकेक करून सोडवावी लागली, काडीसारख्या त्या हातात कुठून एवढा जोर आला होता कोण जाणे. सकाळी आली तेव्हा कॉट पुसून ठेवली होती.

मग ती बाटलीच्या मागे लागली. प्रयोगशाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. रखवालदार म्हणाला, "बाई, इथे पेशंट बघत नाहीत."

"मला कुठे दाखवायचंय काही. माझ्या भावाचं यांनी काढून घेतलंय, ते न्यायला आलेय."

"काय काढून घेतलंय?"

"तुझ्या बापाला विचार आत जाऊन."

आरडाओरडा ऐकून तोच लांब चेहऱ्याचा डॉक्टर बाहेर आला. तिला आत नेलं, बाटलीतला थेंब काचेवर घेतला आणि म्हणाला, "बघा." तिनं डोळा लावला. बारीक बारीक मासोळ्या, सगळ्या पोहत होत्या, जत्थेच्या जत्थे.

"हा तुमचा भाऊ नाही हो बाई," म्हातारा म्हणाला. "हे त्याला खाणारे आहेत."

"त्याच्या अंगातून काढले ना?"

"हो."

"त्याचं रक्त पिऊन मोठे झाले ना? त्याचं आणखी काय शिल्लक आहे जगात, सांगा. अंगातले कपडेसुद्धा तुमच्या लोकांनी जाळले."

 म्हाताऱ्यानं तिला बाटल्या धुवायच्या कामाला ठेवून घेतलं. बाटल्यांवरून ती अळ्यांच्या मडक्यांपर्यंत आली, मडक्यांवरून माशांपर्यंत, माशांवरून सुयांपर्यंत. त्या बाटलीला कागदोपत्री एक नंबर होता. इमारतीत तिला 'धाकटा' म्हणत. नवी पोरं-पोरी म्हणायची, "ताई, धाकट्याला आज जेवण दिलं का?" ती म्हणायची, "तुझ्या आधी."

परजीवी सांभाळायचा तिथला एक रिवाज होता. थोडे दिवस बाटलीत वाढवायचे, मग कडक गारठ्यात गोठवून ठेवायचे. लागतील तेव्हा वितळवायचे, मधूनमधून एकदा माशीच्या पोटातून फिरवून आणायचे. सगळ्या बाटल्यांचं ती तसंच करायची. धाकट्याचं नाही. तापात दात वाजायचे तेव्हा तीन पांघरुणं घालूनही तो म्हणायचा, ताई, थंडी. त्याला गोठवायचं? तिच्या हातून होईना. ती त्याला उबेच्या कपाटातच ठेवायची. अन्न गढूळ व्हायच्या आतच नव्या बाटलीत घालायची, पुन्हा ताजं अन्न, पुन्हा उबेत. माशीतून फिरवून आणणंही तिनं बंद केलं. फिरवायचं म्हणजे त्या माशा शेवटी मारायच्या, त्यातले किती फुकट जाणार. म्हाताऱ्यानं एकदोनदा हटकलं. "ताई, लाड होतायत."

"दुसऱ्या कुणाचे करू?"

 पुढे तो निवृत्त झाला, मग वारला. आणि हळूहळू, कधीपासून ते तिला सांगता आलं नसतं, त्या पहिल्या दिवसापासून अधूनमधून ओढली जाणारी वेणी ओढली जायची थांबली. तिला वाटलं, वय झालं. वयाबरोबर दुःखही म्हातारं होऊन कोपऱ्यात बसत असेल.

नव्या मॅडम आल्या त्या चटपटीत. बोलायला सरळ, चहाला न विसरता विचारणाऱ्या. त्यांचा डाव असा होता की परजीवी मारायचा नाही, त्याचा हातच सोडवायचा. माशीच्या खाण्यात एक औषध मिसळायचं, जेणेकरून त्याची दोरी आतड्याला धरणारच नाही. मग तो चोथ्याबरोबर बाहेर. यासाठी घट्ट धरणारा वाण हवा होता, आणि म्हाताऱ्यानं लिहून ठेवलं होतं की इमारतीत सगळ्यात चिवट कुणी असेल तर ती ही बाटली.

"ताई, तुमचा धाकटा लागणार," मॅडम म्हणाल्या. "उबेचं कपाटही आवरायचंय. जे धरत नाहीत ते सगळे कुकरमध्ये." कुकर म्हणजे वाफेचा मोठा पिंप. त्यात गेलेलं काही जिवंत बाहेर येत नाही.

"त्याची काळजी नको," ताई म्हणाली. म्हणताना मान जरा ताठच झाली.

कातडीच्या पातळ पडद्याआड गरम रक्त ठेवून, त्यात धाकट्याला मिसळून, तिनं माशांना पाजलं. रक्त पचायची वाट पाहिली. मग पहिली माशी काचेवर घेतली. आतडं अख्खं आलं. स्वच्छ होतं. धुतल्यासारखं. दुसरी घेतली, तिसरी घेतली. घशाचा पडदा नुसता पडदा, मागच्या बाजूला एखाददुसरा सुटा जीव वाहत चाललेला, कुठेच न टेकलेला. तिनं सगळा पिंजरा संपवला. मान वर केली तेव्हा मानेत कळ होती आणि पाठीवर वेणी, नुसती लोंबती.

"रक्तच गार झालं असेल," ती मॅडमना म्हणाली. पुन्हा पाजलं. पुन्हा तेच.

मॅडमनी स्वतः डोळा लावला, बराच वेळ. मग स्टूल ओढून तिच्याशेजारी बसल्या.

"ताई, हा कधीपासून बाटलीतच आहे? गोठवलाच नाही?"

"नाही."

"माशीत?"

"नाही फिरवला."

"मग तो विसरला. बाटलीत काय आहे? वाहून जायची भीती नाही, अन्न आयतं. ज्यांची पकड सैल तेही जगले, उलट जास्त वाढले. पिढ्यान्‌पिढ्या. आता यातल्या एकालाही धरता येत नाही." आणि लगेच पुढे, "तुमची चूक नाही असं नाही म्हणणार मी. पण कळते मला."

"तुम्हाला काय कळणार," ताई म्हणाली. मॅडमनी वाईट वाटून घेतलं नाही, त्यामुळे तिला आणखीच राग आला.

घरी मधली मशीनवर बसली होती. कुणाच्या तरी पँटीची चेन बदलत होती. ताईनं सांगितलं ते तिनं मशीन न थांबवता ऐकलं.

"चांगलंच झालं की. आता त्यानं कुणाचं पोरगं तर मरणार नाही."

"कपाटातून काढणार म्हणतात. उकळणार."

"उकळू देत. तू ते जपत बसलीस ते किडे होते ताई. आपल्या पोराला खाणारे किडे. मी आजवर बोलले नाही, कारण तू मला बोलू दिलं नाहीस." मधलीनं दातानं दोरा तोडला. "तो असता तर म्हणाला असता, ताईनं मला सोडून मला मारणाऱ्याला खाऊ घातलं."

ताई उठून मोरीत गेली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी होती.

सकाळी मॅडमच्या टेबलावर एक बोटभर नळी वाफाळत होती, पण ती वाफ गारठ्याची होती. म्हाताऱ्यानं तिच्या नकळत, अगदी सुरुवातीच्या बाटलीतला थोडा धाकटा गोठवून ठेवला होता, गारठ्याच्या टाकीत पार तळाला. मॅडमनी रिकामे कप्पे तपासताना तो काढला.

"त्याच पहिल्या सुईचा आहे," मॅडम म्हणाल्या. "तेव्हापासून झोपलेला. याला काही विसरायला वेळच मिळाला नाही. तुम्हाला नको असेल तर मी दुसऱ्या कुणाला..."

"दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

तिनं नळी तळहातात धरली. एवढी गार की भाजावी. इतकी वर्षं तो त्या टाकीत होता, तिच्या खोलीपासून दोन भिंती पलीकडे, थंडीत, आणि ती भलत्यालाच पांघरुणं घालत बसली होती.

वितळवला, वाढवला, माशांना पाजला. या वेळी उघडायची घाई केली नाही. पिंजऱ्यासमोर बसून राहिली. दिवस भरले तसं माशांचं वागणं बदललं. रक्ताला तोंड लावलं तरी एखादी माशी सोंड खुपसायची, काढायची, बाजूला सरकून पुन्हा खुपसायची. पोट फुगेना. सगळ्या खोलीत आवाज नव्हता, त्या माशांना आवाज नसतोच, पण ताईला तो ऐकू येत होता. दोन घास, ताट सरकवलेलं. ताई, भूक लागली गं. आत जागाच नाही.

मग तिनं त्यातली एक काचेवर घेतली. सुईनं ओढलं. डोळा लावला.

घशाचा पडदा दिसतच नव्हता. त्याच्यावर ते होते, खांद्याला खांदा, दोऱ्या आखूड करून तळवे रोवलेले, वर खळ. सगळे एका लयीत हलत होते पण जागा कुणी सोडत नव्हतं. तिनं काचेवर सुईनं टिचकी मारली. थेंब हादरला. त्यातला एकही सुटला नाही.

वेणी ओढली गेली. जोरात, मुळापासून, मान मागे जाईल इतकी.

या वेळी ती वळली नाही. मागे कोण नाही हे तिला माहीत होतं. घाम मानेवरून खाली उतरला आणि तिच्या ध्यानात आलं की इतकी वर्षं जे थांबलं होतं ते दुःख नव्हतं. बाटलीतल्यांना धरता येईना म्हणून ओढही थांबली होती. जो ओढत होता तो या माशीच्या घशात बसलेला होता. तो धाकटा होता का त्याला खाणारा, हे वेगळं काढायला तिच्याकडे सुई नव्हती.

त्याच दुपारी तिनं उबेच्या कपाटातली जुनी बाटली काढली. उजेडात धरली. आत गढूळ, गुटगुटीत, खाऊन पिऊन सुखी पाणी. त्याला कुणाची गरज नव्हती, तिचीसुद्धा. तिनं झाकण थोडं सैल केलं, बाटली कुकरमध्ये ठेवली आणि वरचा दांडा स्वतः पिळला. रखवालदार औषधाच्या गोळ्या मागायला आला होता, तो म्हणाला, "काय ताई, आज स्वयंपाक?"

"हो. तुला बोलावते जेवायला."

तो हसत गेला. वाफ सुटेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

मग मॅडमच्या औषधाचं काम सुरू झालं. एका पिंजऱ्यातल्या माशांना नुसतं रक्त, दुसऱ्यातल्यांना औषध मिसळलेलं. दोन्हींत तोच, गारठ्यातून उठलेला. औषधवाल्या पिंजऱ्यातली पहिली माशी उघडायला मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ताई म्हणाली, "पाठीमागे उभ्या राहू नका." त्या बाजूला झाल्या.

आतडं आलं. ताईनं डोळा लावला. घशापाशी गर्दी नव्हती. मध्ये, आतड्याच्या वळणावर, ते सुटे तरंगत होते, दोऱ्या हलवत, भिंतीला लागून पुन्हा मागे येत. धरायला बघत होते. एकेकाची दोरी भिंतीवरून घसरत होती. एकेक करून.

"काय दिसतंय?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

"सुटतायत," ताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. तिच्या बोटांना आठवत होतं: करंगळी आधी, मग तिच्या शेजारचं, अंगठा शेवटी, वॉर्डातली ती बाई ओरडतेय, आणि ते काडीसारखं मनगट. तेव्हा तिनं बोटं सोडवली होती ती घरी जायला. आता पुन्हा तिलाच सोडवायची होती, माशीमागून माशी, कुणाच्या तरी भेगांच्या भिंतीशी झोपलेल्या पोराला उद्या ताप येऊ नये म्हणून. हे काम दुसऱ्याला देता येणार नव्हतं. देऊ केलं असतं तर तिनं त्याचे हात मोडले असते.

"सोड रे," ती काचेवरच्या थेंबाला म्हणाली. "सोड आता."

मॅडमनी ऐकलं असावं. 

दुसरी माशी स्वच्छ निघाली. तिसरीही. मॅडम खुशीत फोन करायला बाहेर गेल्या, पहिलं दार लागल्याचा आवाज आला, मग दुसऱ्याचा. ताईनं चौथी माशी थेंबात ठेवली, छाती दाबली, ओढलं.

हिच्या घशाच्या पडद्यावर, अगदी कडेला, थोडे बसलेले होते. औषध पिऊनही. आजूबाजूचे सगळे वाहून गेले होते आणि हे तळवे रोवून होते, एकमेकांना चिकटून.

पाठीवर वेणी हळूच ताणली गेली. ओढ नव्हती ती, नुसती धरलेली. झोपेत धरतात तशी.

ताईनं मान हलवली नाही, हलवली असती तर सुटली असती. तशीच बसून तिनं मॅडमना खरं तेच सांगायचं ठरवलं, की एका माशीत थोडे धरून आहेत. मग दुसऱ्या हाताच्या सुईनं पुढची माशी जवळ ओढली.